सॉलिसिटरचं दार आणि बाबासाहेबांची वकिली



बाबासाहेबांचा पुतळा चौकाचौकात उभा आहे. अंगात कोट, डोळ्यांवर चष्मा, हातात संविधान. जयंतीच्या भाषणात त्यांना घटनाकार म्हणतात, महामानव म्हणतात, टाळ्या पडतात. पण हा माणूस पोटासाठी काय करीत होता, असा साधा सवाल टाकला तर आपल्यातल्या पुष्कळांना नीट उत्तर देता येत नाही. "बॅरिस्टर होते" एवढं बोलून गप्प. कसले बॅरिस्टर? कुणाचे खटले चालवले? कुठल्या कोर्टात? लंडनहून बॅरिस्टरीची पदवी घेऊन आलेल्या महाराच्या पोराला मुंबईत काम कुणी दिलं आणि कुणी दिलं नाही?

हे विचारायचं कारण रोकडं आहे. आज मोर्चा निघाला, बंद झाला की दुसऱ्या दिवशी पोरं लॉकअपमध्ये असतात आणि आपण वकील शोधत फिरतो. आरोपीच्या बाजूनं कोर्टात उभं राहणं हे काम चळवळीत दुय्यम समजलं जातं. घोषणा देणारा पुढं, वकीलपत्रावर सही करणारा मागं. बाबासाहेबांच्या आयुष्यात मात्र हे काम मागं नव्हतं. ते कसं, हे तारीखवार बघू.

१. कायद्याचा हरकाम्या

आधी आपली जुनी जागा बघून घेऊ. गावगाड्यात महार हा कायद्याचा फुकटचा हरकाम्या होता. चोराचा माग त्यानं काढायचा. गावात परका माणूस आला तर पाटलाला वर्दी त्यानं द्यायची. साऱ्याची रक्कम तालुक्याला पोचवायला सोबत त्यानं जायचं. मयताची खबर घेऊन उन्हातान्हात पळायचं त्यानंच. दोन गावांत शिवेचा तंटा लागला तर शीव कुठनं जाते हे सांगायला महाराचीच साक्ष मोलाची. म्हणजे पुरावा आमचा, पाय आमचे, घाम आमचा. निवाडा मात्र दुसऱ्यांचा.

आणि निवाड्याची वही कुठली? मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून बघा. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवीगाळ केली तर १०० पण दंड. वैश्यानं केली तर दीडशे किंवा दोनशे. शूद्रानं केली तर दंडावर भागत नाही, शिक्षा त्याच्या अंगावर. आता उलट बाजू. ब्राह्मणानं क्षत्रियाला शिवी दिली तर ५० पण, वैश्याला दिली तर २५, शूद्राला दिली तर १२. शिवी एकच. भाव माणूस बघून. अतिशूद्राला तर या भावफलकावर जागाच नाही. अब्रू असलेल्याचीच बेअब्रू होते ना!

इंग्रज आला आणि त्यानं भारतीय दंडविधान आणलं, १८६० साली. कागदावर तरी सगळ्यांना एक कलम, एक शिक्षा. ही गोष्ट लहान नव्हे. पण कागद हलवणारे हात कुणाचे राहिले? जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये पुरा केला. त्यात कचेऱ्यांमधला भट कामगार अडाणी कुणब्याला कसा नागवतो याचा पाढा वाचलेला आहे. कायदा विलायतेचा, कारकून पेशवाईचा. हे दोन्ही एकदम ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

२. सॉलिसिटर म्हणजे कोण

मुंबईचं हायकोर्ट १८६२ साली सुरू झालं. त्याच्या दोन बाजू. एक ओरिजिनल साइड, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जिथं थेट दाखल होत. दुसरी ॲपेलेट साइड, म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टांतून आलेली अपिलं.

ओरिजिनल साइडला दोन जातीचे वकील होते. जातीचे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. एक सॉलिसिटर, दुसरा बॅरिस्टर. पक्षकार थेट बॅरिस्टरकडं जाऊ शकत नसे. त्यानं आधी सॉलिसिटरच्या ऑफिसात जायचं. सॉलिसिटर त्याची हकीकत लिहून घेणार, कागदपत्रं जमा करणार, साक्षीदारांची जबानी तयार करणार, त्या सगळ्याचा गठ्ठा फितीनं बांधणार. त्या गठ्ठ्याचं नाव ब्रीफ. मग हे ब्रीफ कुठल्या बॅरिस्टरला द्यायचं ते सॉलिसिटर ठरवणार. बॅरिस्टर कितीही हुशार असो, सॉलिसिटरनं ब्रीफ दिलं नाही तर तो काळा गाऊन घालून लायब्ररीत पंख्याखाली बसणार.

म्हणजे बोलणारा बॅरिस्टर, पण दार सॉलिसिटरच्या हातात. आणि सॉलिसिटर कसा व्हायचा? आधी दुसऱ्या सॉलिसिटरच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी, मग परीक्षा. उमेदवारीला घ्यायचं की नाही हे पुन्हा त्या सॉलिसिटरच्याच मर्जीवर. फोर्टमधल्या त्या ऑफिसांत गोरे होते, पारशी होते, गुजराती होते, वरच्या जातींचे हिंदू होते. तिथं महाराला, मांगाला, चांभाराला उमेदवारीला कोण घेणार? बोर्ड लावायची गरजच नव्हती.

आपल्याला हे समजायला गिरणीचं उदाहरण पुरे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तुटला की तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा हातात धरील? आणि विणखात्यातच मजुरी चांगली. कुठल्या कायद्यात हे लिहिलं नव्हतं. मालकानं हुकूम काढला नव्हता. शेजारच्या कामगारानंच दार लावलं होतं. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. सॉलिसिटरचं ऑफिस म्हणजे वकिलीतलं विणखातं होतं. तिथं धोटा नव्हता, ब्रीफ होतं. एवढाच फरक.

३. ब्रीफ नसलेला बॅरिस्टर

बाबासाहेब लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ साली बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईला परतले. कोलंबियाचं शिक्षण, लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टरी, एवढ्या पदव्या त्या वेळच्या मुंबईत किती जणांकडं असतील? आणि राहायला परळची बी.आय.टी. चाळ. वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते. त्या वेळी त्यांचा पारशी मित्र नवल भथेना मदतीला आला.

सनद मिळाली. काम मिळेना. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरशी व्यवहार करायला तयार नव्हती. आठवा, १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत कारकून आणि शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत होते. सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले तेव्हा काही प्रोफेसरांना त्यांनी स्टाफच्या माठातलं पाणी प्यालेलं खपत नव्हतं. बडोद्यात निदान फाईल फेकून तरी देत. मुंबईच्या सॉलिसिटरांनी ब्रीफ फेकलंसुद्धा नाही.

मग त्यांनी काय केलं? ज्या कोर्टात सॉलिसिटरची गरज नाही तिकडं मोर्चा वळवला. ॲपेलेट साइडला पक्षकार वकिलाकडं थेट येऊ शकत होता. जिल्ह्याच्या कोर्टांत, मॅजिस्ट्रेटच्या कोर्टांतही तसंच. ठाणं आणि बाहेरगावची इतर कोर्टं, असा त्यांचा फिरता संसार सुरू झाला. तेवढ्यात भागेना म्हणून जून १९२५ ते मार्च १९२८ बाटलीबॉयच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्यानंतर सरकारी लॉ कॉलेजात शिकवलं, आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल झाले.

इथं जरा थांबा. सॉलिसिटरांनी दार लावलं त्याचा परिणाम काय झाला? ओरिजिनल साइडच्या बॅरिस्टरचा पक्षकार म्हणजे कापसाचा दलाल, गिरणीमालक, इस्टेटवाला. जिल्ह्याच्या फौजदारी कोर्टातला पक्षकार म्हणजे मारामारीत अडकलेला कुळवाडी, चोरीचा आळ आलेला मजूर, पोलिसांनी उचललेला माणूस. बाबासाहेबांच्या दारात हा दुसरा पक्षकार आला. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी १९२४ साली निघाली. चळवळ आणि वकिली एकाच माणसाच्या, एकाच दिवसात, एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. सॉलिसिटरांनी त्यांना श्रीमंतांपासून तोडलं आणि आरोपीच्या पिंजऱ्यापाशी आणून सोडलं. सॉलिसिटरांचा उपकार मानायचं काही कारण नाही. त्यांनी दार लावलं ते आपल्या हितासाठी नव्हे. बंद दाराबाहेर उभं राहून जे केलं ते बाबासाहेबांचं.

४. देशाचे दुश्मन

आता एक खटला नीट बघू, कारण आमच्या पोरांना तो ठाऊक असायलाच हवा.

१९२५ साली पुण्यात दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघालं. ब्राह्मणेतर चळवळीतलं जहाल पुस्तक. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात सडकून टीका. त्या प्रकरणात जवळकरांच्या जोडीला केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि रामचंद्र लाड हेही गोवले गेले. पुण्यात बदनामीची फिर्याद झाली. खालच्या कोर्टानं सगळ्यांना शिक्षा ठोठावल्या. अपील सेशन्स कोर्टात गेलं आणि आरोपींच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. समोर पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर.

चित्र डोळ्यांपुढं आणा. पुणं. पेशवाईची राजधानी. शूद्रांनी ब्राह्मणांच्या पुढाऱ्यांना शब्दांनी मारलं म्हणून तुरुंगाची शिक्षा. मनूच्या भावफलकावरचाच गुन्हा. आणि त्यांना सोडवायला आला अतिशूद्र.

बाबासाहेब कोर्टात काय बोलले? टिळक वाईट, चिपळूणकर वाईट, असलं भाषण त्यांनी ठोकलं नाही. ती जागा सभेची. दंडविधानाचं ४९९ कलम काय म्हणतं ते त्यांनी धरलं. मेलेल्या माणसाची बदनामी गुन्हा ठरते, पण कधी? त्या मजकुरानं त्याच्या घरच्यांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर. फिर्याद करणारा तर दूरच्या नात्यातला. मग त्याची फिर्याद टिकते कशी? वाद देशभक्तीवर नाही, जातीवर नाही, नात्याच्या अंतरावर आणला. ऑक्टोबर १९२६ मध्ये आरोपी सुटले.

याच्यात शिकण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं, कोर्टात जाऊन व्यवस्थेला चार शिव्या हासडल्या म्हणजे लढलो. बाबासाहेबांनी व्यवस्थेचंच कलम उचललं, त्यातला एक शब्द पकडला, आणि त्या शब्दाच्या फटीतून माणसं बाहेर काढली. तुरुंगातल्या माणसाला तुमची घोषणा नको असते. त्याला बाहेर यायचं असतं. पुढं चौदा महिन्यांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळली. जाळायची जागा वेगळी, सोडवायची जागा वेगळी. हे दोन्ही त्यांना कळत होतं.

आणखी एक गोष्ट. ज्या जेधे-जवळकरांना सोडवलं त्यांनीच पुढं महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना अट घातली की ब्राह्मणांना यात घेऊ नका. बाबासाहेबांनी ती अट धुडकावली. आमचं भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्मानं ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाशी नाही, ही त्यांची भूमिका. वकीलपत्र घेतलं म्हणून विचार गहाण टाकला नाही.

५. हरलेला खटला

नुसते जिंकलेले खटले सांगणं म्हणजे पोवाडा झाला. हरलेलाही सांगतो.

र. धों. कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. जन्मानं चित्पावन. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. संततिनियमन, लैंगिक प्रश्न, गुप्तरोग यावर उघड लिहीत. सनातनी मंडळी खवळलेली. १९३१ साली त्यांना एकदा दंड झालेला होता. १९३४ साली पुन्हा अश्लीलतेचा खटला भरला. यावेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं. कर्व्यांसाठी उभे राहिले डॉ. आंबेडकर.

त्यात त्यांचा फायदा काय होता? काही नाही. पैसे देण्यासारखी कर्व्यांची स्थिती नव्हती. महारवाड्याचा हा प्रश्न नव्हता. उलट बदनामीच व्हायची. पण मुद्दा असा होता की लोक प्रश्न विचारतात, जाणकार माणूस उत्तर देतो, आणि विषय लैंगिक आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरवता येत नाही. ज्ञान चोरून ठेवायची गोष्ट आहे का? वेदाचा शब्द ऐकला तर शूद्राच्या कानात शिसं ओता म्हणणाऱ्या परंपरेविरुद्ध जो लढतो, त्याला हा खटला परका वाटेल कसा?

कोर्टानं ऐकलं नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला. पण आज कोर्टात हरलेला तो युक्तिवाद शहाण्या माणसाला बरोबर वाटतो आणि जिंकलेला निकाल जुनाट वाटतो. बचावाच्या वकिलाचं काम असंही असतं. हरणार हे दिसत असताना रेकॉर्डवर खरं ते लिहवून ठेवायचं.

६. प्रतिवादी आंबेडकर

पिंजऱ्याची दुसरी बाजूही त्यांना माहीत होती. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्याल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला. त्या वेळी बाबासाहेबांनी लोकांना आवरलं, प्रतिहल्ला होऊ दिला नाही, पोलिसात तक्रार केली. ६ जून १९२७ रोजी हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आपल्या लोकांनी त्या दिवशी काठ्या उचलल्या असत्या तर आरोपी कोण झाले असते? सांगायला नको.

मग डिसेंबर १९२७ मध्ये तळ्यावर जायला मनाई करण्यासाठी महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला. प्रतिवादी भीमराव रामजी आंबेडकर. दावा महाडला चालला, अपील ठाण्याला, तिथनं हायकोर्टात. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानं सवर्णांचं अपील फेटाळलं. ओंजळभर पाण्यासाठी कोर्टात दहा वर्षं. पक्षकार म्हणून कोर्टाची वाट बघणं काय असतं ते या वकिलाला पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

१९३८ साली मुंबई सरकारनं औद्योगिक कलहाचं बिल आणलं. ठरलेली पायरी सोडून संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला शिक्षा. बाबासाहेब विधिमंडळात त्याच्या विरोधात उभे राहिले. संप म्हणजे काम नाकारणं, आणि काम नाकारणं हा फौजदारी गुन्हा केला तर तो कामगार राहत नाही, गुलाम होतो, हा त्यांचा रोख. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट मिळून संपावर गेले. फौजदारी वकिलाचा डोळा इथं दिसतो. पुढारी बिलात समेटाची पायरी बघतात. हा माणूस बघतो की उद्या पिंजऱ्यात कोण उभा असेल.

७. बाविसावं कलम

आता दिल्लीला चला. घटना समितीत माणसाच्या जिवाचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न आला. मसुदा समितीनं आधीच्या मसुद्यातले 'यथोचित न्यायप्रक्रिया' अशा अर्थाचे शब्द काढून 'कायद्यानं घालून दिलेली कार्यपद्धती' एवढेच ठेवले. त्यावर खूप टीका झाली. मग १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी एक नवं कलम मांडलं. तेच आजचं २२वं कलम. अटक केलेल्याला अटकेचं कारण सांगितलं पाहिजे. त्याला स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि त्याच्याकडून बचाव करून घेता आला पाहिजे. चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं केलं पाहिजे.

यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. फौजदारी प्रक्रियेच्या १८९८च्या कायद्यात हे होतंच. बाबासाहेबांनी स्वतःच ते सांगितलं. पण साधा कायदा विधिमंडळ उद्या बदलू शकतं. मूलभूत हक्क झाला की तसं करता येत नाही. हा फरक त्यांनी केला. ज्या माणसाला मुंबईत ब्रीफ मिळत नव्हतं, त्यानं देशातल्या शेवटच्या आरोपीच्या हातात वकील मागायचा हक्क दिला.

पुतळ्यापुढं हात जोडून सत्य झाकायचं नाही. याच २२व्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूदही आहे. खटल्याशिवाय माणसाला डांबायची परवानगी, काही अटी घालून. तसं धरलेल्या माणसाला कलमातला वकिलाचा हक्क आणि चोवीस तासांची अट लागू नाही. त्याची किंमत पुढं हजारो लोकांनी मोजली, आणीबाणीतही मोजली.

दुसरी उणीव. वकिलाचा हक्क मिळाला, पण वकिलाची फी कोण देणार? त्याला आणखी बरीच वर्षं लागली. १९७६ साली ३९-अ कलम घातलं, गरिबाला मोफत कायदेशीर मदत. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात आणि १९७९ साली बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनारा खातून खटल्यात सांगितलं की गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील मिळणं हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग आहे. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या १२व्या कलमाप्रमाणं अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, स्त्री, बालक, औद्योगिक कामगार आणि कोठडीतला माणूस यांना मोफत वकील मिळायचा हक्क आहे. यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे किती पोरांना माहीत आहे?

आणि त्या सॉलिसिटरांचं काय झालं? १९७६ साली ॲडव्होकेट्स कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९७७च्या सुरुवातीपासून मुंबई-कलकत्त्याची ती दुपदरी पद्धत कायद्यानं संपली. सॉलिसिटर ही पदवी आजही मुंबईत परीक्षा देऊन मिळते, पण बॅरिस्टरच्या दारावरची त्यांची मक्तेदारी गेली. लाकडी दार गेलं. बाकीची दारं आहेतच.

८. आपलं काम

बाकीची दारं कुठली? २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणं देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागं तिघे कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा शाबीत नाही, तरी आत. २०११च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के. कच्च्या कैद्यांत आपला वाटा वीस टक्क्यांच्या आसपास. हे आपोआप होत नाही. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार आणा म्हणतात. सातबारा आणा, ऐपतीचा दाखला आणा. ज्याच्या बापाला कधी सातबारा नव्हता त्यानं तो कुठनं आणायचा? जामीन मिळालेला माणूस आतच राहतो. हे आजचं सॉलिसिटरचं दार.

३ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर वस्त्यावस्त्यांत पोरांची धरपकड झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, अटका झाल्या. अटक झालेल्यांतला एक तरुण, कायदा शिकणारा, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. जो उद्या दुसऱ्यांचा बचाव करणार होता तोच. त्याच्या आईच्या बाजूनं औरंगाबाद खंडपीठात ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले आणि जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा हुकूम कोर्टानं दिला. हुकूम झाला, पोरगा गेला. त्या दोहोंमध्ये जे सात महिने गेले त्यांना जबाबदार कोण?

म्हणून माझं म्हणणं साफ आहे. मोर्चाच्या तयारीत बॅनर, माईक, ट्रक यांच्या यादीत वकिलाचं नाव पहिलं लिहा. कोण कोणत्या ठाण्यात बसणार, जामीनदार कोण, कागद कुणाच्या घरी तयार आहेत, हे आदल्या दिवशी ठरवा. अटक झाली की पहिले चोवीस तास महत्त्वाचे. तेव्हाच कबुलीजबाब काढतात, तेव्हाच कोऱ्या कागदावर सह्या घेतात. सही करू नका. वकील मागा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे २०व्या कलमात लिहून ठेवलंय. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठं आहे ते आत्ताच बघून या.

आणि वस्तीतल्या हुशार पोरापोरींना एलएल.बी.ला घाला. सगळेच कलेक्टर होत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात रोज काळा कोट घालून उभा राहणारा आपला एक माणूस शंभर निवेदनांचं काम करतो.

शेवटी एक कडू गोष्ट. अत्याचाराची घटना घडली की आपल्यातले काही संतापानं म्हणतात, आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये. संताप मला समजतो. पण हीच मागणी उलटी फिरवून आपल्या पोरांवर वापरली जाते. कुठल्या तरी बार असोसिएशननं ठराव केला की अमक्याची केस कुणी घ्यायची नाही, तर तो ठराव बेकायदा, असं सुप्रीम कोर्टानं २०१० साली मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या प्रकरणात सांगितलं आहे. पुण्याच्या खटल्यात बाबासाहेबांसमोर उभे असलेले भोपटकर १९४८-४९ मध्ये गांधीखुनाच्या खटल्यात सावरकरांचे वकील होते. त्या आरोपींनाही वकील मिळाला, मिळायलाच हवा होता. आरोपीला पुरा बचाव देऊन झालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकते. बचाव न देता झालेली शिक्षा अपिलात कोसळते आणि अत्याचार करणारा हार घालून गावात मिरवतो. आपल्याला टिकणारी शिक्षा पाहिजे.

ब्रीफ नाकारणं हे सॉलिसिटरांचं हत्यार होतं. ते आपण हातात घ्यायचं नाही. आपलं हत्यार बाबासाहेबांनी परळच्या चाळीत राहून, ठाण्याच्या कोर्टात उभं राहून तयार केलं आहे. ते कलमात आहे. वाचा, पाठ करा, आणि पुढच्या वेळी पोलीस ठाण्याच्या दारात मोठ्यानं म्हणून दाखवा.

जय भीम.